यंत्राचा ठेका आणि माणसाचं दुःख

१९८८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात एका तरुण ड्रमवादकाने आपली बैठक सोडली, तिथे एक यंत्र आणून ठेवलं आणि स्वतः गिटार घेऊन उभा राहिला. ड्रम वाजवायला माणूस मिळेना म्हणून हे केलं म्हणावं, तर तो स्वतःच चांगला ड्रमवादक होता. त्याचं नाव जस्टिन ब्रॉडरिक. सोबत बेस गिटार वाजवणारा जी. सी. ग्रीन. या दोघांनी आपल्या बँडला 'गॉडफ्लेश' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९मध्ये, नॉटिंगहॅमच्या इअरेक या छोट्या कंपनीने त्यांची 'स्ट्रीटक्लीनर' ही पहिली पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. 'इंडस्ट्रियल मेटल' या संगीतप्रकाराचा पाया घालणाऱ्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांत आज तिची गणना होते.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भिंतीवर घण पडत असल्यासारखं वाटतं. सुरावट हाती लागत नाही, शब्द कळत नाहीत, ठेका बदलत नाही. दोन गाणी ऐकून माणूस ते बंद करतो आणि 'हा नुसता राग आहे' असं म्हणतो. मीही तेच केलं होतं. पण ही ध्वनिमुद्रिका पस्तीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे, आणि तिचे श्रोते तिच्याबद्दल बोलताना रागापेक्षा एकटेपणा, शोक, असहायता हे शब्द अधिक वापरतात. ही भावना येते कुठून? शब्द तर जेमतेम आहेत, आणि त्यांतलेही निम्मे ऐकू येत नाहीत. माझं म्हणणं असं, की या संगीतातलं दुःख त्याच्या रचनेत आहे आणि त्या रचनेच्या केंद्रस्थानी ते न थांबणारं यंत्र आहे.

लोखंडाचं शहर

बर्मिंगहॅमला इंग्रजीत 'हजार धंद्यांचं शहर' म्हणतात. पितळी बटणं, पेनांच्या निबा, बंदुका, सायकली, मोटारी असं सगळं तिथे बनत आलं. जड रॉक संगीताचा, म्हणजे हेवी मेटलचा, जन्म याच शहरात झाला, आणि त्यामागे कारखान्यातला एक अपघात आहे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि पुन्हा गिटार धरली. पुढे तारांवरचा ताण कमी करण्यासाठी त्याने त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या बँडचा जड, काळोखी नाद घडण्यात या दुखापतीचा मोठा वाटा आहे. याच परिसरातल्या 'जूडस प्रीस्ट' या बँडने १९८० साली आपल्या ध्वनिमुद्रिकेचं नाव 'ब्रिटिश स्टील' ठेवलं. या संगीतातला लोखंडाचा उल्लेख नुसता अलंकार नव्हता. त्या लोकांनी तो कारखाना पाहिलेला होता.

ब्रॉडरिकचा जन्म १९६९चा, म्हणजे आयोमीच्या एक पिढी नंतरचा. तो याच शहरातल्या सरकारी वसाहतीत वाढला. युद्धानंतर या शहराचा मध्यभाग पाडून काँक्रीटमध्ये नव्याने बांधला गेला होता. १९७२ साली वाहतुकीला खुला झालेला ग्रेव्हली हिलचा गुंतागुंतीचा पूलसमूह हे त्या काळाचं जणू स्मारकच. पण ही काँक्रीटची नगरी उभी राहते न राहते तोच तिचा आधार, म्हणजे कारखानदारी, ढासळू लागली. १९७९ नंतरच्या मंदीत ब्रिटनमधले कारखाने मोठ्या संख्येने बंद पडले. १९८२ साली देशातल्या बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. १९३०च्या दशकानंतर तो इतका कधीच नव्हता. बर्मिंगहॅम आणि भोवतालच्या वेस्ट मिडलँड्सला हा तडाखा फार जोराचा बसला. १९८५मध्ये शहरातल्या हँड्सवर्थ भागात दंगल झाली.

हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. आयोमीच्या पिढीने यंत्राशेजारी उभं राहून काम केलं. यंत्र क्रूर होतं, पण त्याच्यापाशी माणूस होता, त्याला पगार होता. ब्रॉडरिकच्या पिढीच्या वाट्याला ती यंत्रसंस्कृतीची इमारत आली, तिच्यातलं काम मात्र आलं नाही.

सर्वांत छोटं गाणं, मग सर्वांत संथ ठेका

ब्रॉडरिकने सुरुवात केली ती टोकाच्या वेगापासून. 'नेपाम डेथ' या बँडच्या 'स्कम' (१९८७) या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवर त्याची गिटार आहे. 'यू सफर' हे गाणं त्याच बाजूवर आहे. त्याची लांबी सव्वा सेकंदाहून थोडी जास्त. जगातलं सर्वांत छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनेसने त्याची नोंद केली आहे. त्यानंतर तो 'हेड ऑफ डेव्हिड' या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. ग्रीन आणि पॉल नेव्हिल यांच्या 'फॉल ऑफ बिकॉज' या बँडमध्येही तो ड्रमवरच होता. 'गॉडफ्लेश' याच मंडळींतून तयार झाला, आणि 'स्ट्रीटक्लीनर'च्या काही गाण्यांत नेव्हिलची दुसरी गिटारही ऐकू येते.

म्हणजे ज्या मुलाने सतराव्या वर्षी जगातल्या अतिवेगवान संगीतात हात घातला, तोच विशीत पोचेपर्यंत मुद्दाम संथ झाला. माझ्या मते इथेच त्याच्या संगीतातली भावना बदलते. वेगात एक सुटका असते. अंगातला राग सेकंदाभरात बाहेर फेकता येतो. संथ लयीत ती सोय नाही. प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते, आणि तो नक्की येणार हे आपल्याला माहीत असतं.

ठेका जो दाद देत नाही

'स्ट्रीटक्लीनर'वर ड्रमऐवजी अलेसिस कंपनीचं ड्रम मशीन वाजतं. टेबलावर मावणाऱ्या या पेटीत खऱ्या ड्रमच्या आवाजांचे नमुने साठवलेले असतात. कोणत्या मात्रेवर कोणता आवाज हवा ते बोटांनी भरून ठेवलं, की पेटी ते आवर्तन हवं तितका वेळ वाजवत राहते. अशी यंत्रं तेव्हा नवी नव्हती. पण त्यांचा वापर मुख्यतः नाचाच्या संगीतात, पॉपमध्ये आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हिपहॉपमध्ये होत होता. ब्रॉडरिकचं हिपहॉपवर प्रेम होतं. 'क्राइस्टबेट रायझिंग' या गाण्यातला एक ठेका 'एरिक बी आणि रकीम' या जोडीच्या 'मायक्रोफोन फीन्ड'मधल्या ठेक्याची नक्कल करण्याच्या प्रयत्नातून आला आहे. फक्त मुळात जो ठेका पाय थिरकवतो, तो इथे जड गिटारच्या ओझ्याखाली येऊन पाय ओढत चालतो.

शिकागोच्या 'बिग ब्लॅक' या बँडने याआधी ड्रम मशीनचं नाव श्रेयनामावलीत वादकासारखं दिलं होतं. 'गॉडफ्लेश'नेही यंत्राला तसाच वादकाचा मान दिला. हा निव्वळ विनोद नसावा. तिथे ते खरोखरच तिसरं पात्र आहे.

ते काय करतं, हे आपल्या संगीताच्या आधाराने सांगता येईल. एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरून बसते. तोच स्वरसमूह आवर्तनामागून आवर्तन तसाच वाजतो आणि तबलजी त्या स्थिर चौकटीत कायदे, रेले, तिहाया मांडतो. लेहऱ्याचं न बदलणं हाच तबल्याचा आधार असतो. 'गॉडफ्लेश'मध्ये ही मांडणी उलटी आहे. लय धरणारा ताल स्वतःच लेहऱ्यासारखा गोठलेला आहे आणि त्याच्यावर गिटार व गळा यांनी काय ते करायचं आहे. पण एक मोठा फरक आहे. लेहरा धरणारा माणूस असतो. तबलजी समेवर आला की तो मान हलवतो, लय चढली की सोबत चढतो. माणसाने वाजवलेला कोणताही ठेका काही सहस्रांश सेकंदांनी मागेपुढे होतच असतो, आणि कान त्या सूक्ष्म हालचालीतूनच 'समोर कुणीतरी आहे' हे ओळखतो. यंत्राचा ठोका जिथे पडायचा तिथेच पडतो. गाणारा कितीही ओरडला तरी तो एक कणभरही हलत नाही.

ऐकणाऱ्याला जी असहायता जाणवते ती इथून येते. तीव्र संगीताची आपली नेहमीची कल्पना चढत जाणारी असते. विलंबितातून द्रुतात जायचं, मग झाला, मग शेवटचा कळस. 'स्ट्रीटक्लीनर' चढत नाही. ती पहिल्या मिनिटाला जितकी जड असते, तितकीच शेवटच्या मिनिटाला असते. तिची तीव्रता टिकून राहण्यात आहे. ज्याने बारा तास एकाच यंत्रापुढे काढले आहेत किंवा दीर्घ आजारात एखाद्याच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्याला ही तीव्रता ओळखीची वाटेल. तिथेही काही वाढत नाही आणि काही संपतही नाही.

गिटार, बेस आणि गळा

या ठेक्यावर ग्रीनचा बेस बसतो. जड रॉकमध्ये बेस बहुधा गिटारच्या मागे राहतो. इथे तो पुढे आहे. तो इतका खरखरीत आणि ठोसर आहे, की त्याला सूरवाद्य म्हणावं की तालवाद्य, असा प्रश्न पडतो. गाण्याची जी काही चाल असते, ती बहुतेक वेळा तोच सांभाळतो.

त्यामुळे ब्रॉडरिकची गिटार मोकळी होते. खालच्या स्वरात लावलेल्या तारांतून ती कधी बेसबरोबर घण घालते, तर कधी अचानक वर जाऊन किंचाळते. ही किंचाळी दोन प्रकारे निघते. तारेला विशिष्ट जागी हलका स्पर्श करून तिचे वरचे अंशस्वर काढणं हा एक प्रकार. दुसरा म्हणजे गिटार ध्वनिवर्धकासमोर धरायची. ध्वनिवर्धकाचा आवाज तारांना पुन्हा कंपित करतो, ते कंपन पुन्हा ध्वनिवर्धकात जातं आणि असं चक्र सुरू होऊन स्वर आपोआप फुगत जातो. सभागृहात माइक शिट्टी मारतो ती हीच क्रिया. एरवी वादक ती टाळतात. ब्रॉडरिक तिला गाण्यात जागा देतो. तो स्वर किती वेळ टिकेल आणि कुठे वळेल यावर वादकाचं पूर्ण नियंत्रण नसतं. म्हणजे खाली पूर्ण नियंत्रणातलं यंत्र आणि वर जेमतेम नियंत्रणात असलेला स्वर, अशी जोडी तयार होते.

त्यानंतर गळा. ब्रॉडरिक बहुतेक ठिकाणी गुरगुरतो किंवा भुंकल्यासारखे शब्द फेकतो. ओळी थोड्या असतात आणि त्याच त्या परत येतात. पण मधूनच तो गुरगुरणं सोडून सपाट, लांबवलेल्या स्वरात गातो. त्या आवाजात धार नसते. थकवा असतो, आणि तो गिटारच्या भिंतीमागून येतो. ध्वनिमुद्रणात गळ्याला मुद्दाम पुढे आणलेलं नाही. एरवी गायक वाद्यांच्या पुढे उभा असतो. इथे तो त्यांच्याखाली सापडलेला असतो. मला ही ध्वनिमुद्रिका प्रथम कळली ती या सपाट आवाजामुळे. तोवर जो राग वाटत होता तो धाक दाखवणाऱ्याचा नसून अडकलेल्या माणसाचा आहे, हे तिथे ऐकू आलं.

गाण्यांची नावंही तेच सांगतात. पहिल्या गाण्याच्या नावाचा अर्थ 'उंदरांसारखे', आणखी एकाचा 'फार पूर्वी मेलेलं स्वप्न'. एका गाण्याचं नाव 'आयुष्य सोपं आहे' अशा अर्थाचं आहे, आणि त्याखाली जे वाजतं ते ऐकल्यावर त्यातला उपरोध सांगावा लागत नाही. सीडीच्या आवृत्तीत शेवटी चार छोट्या रचना जोडल्या आहेत. त्यांतल्या पहिलीचं नाव 'टायनी टिअर्स', म्हणजे इवलेसे अश्रू, आणि दुसरीचं 'वूंड', म्हणजे जखम. मुखपृष्ठावर केन रसेल यांच्या 'ऑल्टर्ड स्टेट्स' (१९८०) या चित्रपटातल्या भ्रमदृश्याची चौकट आहे. ज्वाळांच्या लालभडक पार्श्वभूमीवर क्रुसांवर टांगलेल्या मानवाकृती दिसतात.

विरोधलय

मराठी वाचकाला 'उंदरांसारखे' हे शीर्षक वाचून मर्ढेकरांची उंदरांची कविता आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण यंत्रयुगातल्या शहरात माणसाची किंमत किती, हा प्रश्न दोघांनाही उंदरापाशीच घेऊन गेला. मर्ढेकरांच्या कवितेलाही प्रथम किळस आणि अश्लीलतेचे आरोप सोसावे लागले. तिच्यातली करुणा वाचकांना हळूहळू दिसली.

मर्ढेकर इथे आणखी एका कारणाने उपयोगी पडतात. सौंदर्याचा विचार करताना त्यांनी रचनेत तीन प्रकारच्या लयी मानल्या: संवाद, विरोध आणि समतोल. 'स्ट्रीटक्लीनर'ची सगळी बांधणी विरोधलयीवर उभी आहे. अचल ठेका आणि हेलकावणारा फीडबॅक, पूर्ण बिनचूक यंत्र आणि दमणारा गळा, गुरगुरणं आणि सपाट विलाप. यांपैकी एक बाजू काढून टाकली तर दुसरीला अर्थ उरत नाही. नुसता गळा ठेवला तर आरडाओरडा उरेल, नुसतं यंत्र ठेवलं तर ठोके उरतील. दोन्ही एकत्र आले, की ज्याला काहीच जाणवत नाही अशा गोष्टीसमोर एक जिवंत माणूस उभा आहे, असं चित्र तयार होतं.

याचा पडताळा बँडच्या पुढच्या वाटचालीत मिळतो. 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' (१९९६) आणि 'हिम्स' (२००१) या ध्वनिमुद्रिकांत त्यांनी माणसाला ड्रमवर बसवलं. दोन्ही वादक कसलेले होते आणि संगीतही वाईट नाही. पण ठेका जिवंत झाला की तो गायकाला साथ देऊ लागतो, आणि साथ मिळाली की तो एकटेपणा राहत नाही. २००२मध्ये बँड थांबला. ब्रॉडरिकने 'येसू' या नव्या बँडमध्ये हाच जडपणा ठेवून उघड हळव्या सुरावटी बांधल्या. आधीच्या गोंगाटाखाली काय दडलं होतं याबद्दल कुणाला शंका असेल, तर त्याने हे संगीत ऐकावं. २०१०मध्ये तो आणि ग्रीन पुन्हा एकत्र आले, तेव्हा तिसरा जोडीदार म्हणून त्यांनी पुन्हा यंत्रच निवडलं. २०११ साली नेदरलँड्समधल्या रोडबर्न महोत्सवात त्यांनी 'स्ट्रीटक्लीनर' संपूर्ण सादर केली.

ऐकणाऱ्याचं काय?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. विशीतला मुलगा किंवा मुलगी दार लावून असलं संगीत ऐकत असेल, तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. 'यामुळे डोकं बिघडेल' ही भीती खोटी नाही, कारण ती प्रेमातून येते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी यावर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टोकाचं जड संगीत नेहमी ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना त्यांनी संताप आणणाऱ्या आठवणी सांगायला लावल्या. मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वरच राहिले, पण त्यांचा राग वाढला नाही. त्यांच्यातला शत्रुभाव आणि ताण शांत बसलेल्यांप्रमाणेच कमी झाला, आणि आपल्याला उभारी आल्याचंही त्यांनी सांगितलं. हा अभ्यास लहान आहे आणि तो चाहत्यांपुरताच आहे. ज्याला हे संगीत आवडत नाही, त्याने औषध म्हणून ते ऐकावं असा त्याचा अर्थ नाही. पण 'असलं संगीत राग पेटवतं' हे सरसकट विधान त्यापुढे टिकत नाही.

माझा समज असा, की मनातल्या अवस्थेला बाहेर कुठेतरी तंतोतंत आकार मिळाला, की ती सोसायला थोडी सोपी होते. विलापाची गाणी जगभर याच कामासाठी आहेत. मात्र पारंपरिक विलापगीतात कुणाचं तरी नाव असतं, गेलेल्या माणसाला हाक असते. ज्या पिढीने माणूस न गमावता काम गमावलं, वस्ती गमावली, उद्याची खात्री गमावली, तिला हाक मारायला नाव नव्हतं. त्या दुःखाला तयार चाल नव्हती. बर्मिंगहॅमच्या दोन तरुणांनी ती एका छोट्या पेटीच्या ठोक्यांवर रचली.

घरातलं कुणी हे संगीत ऐकत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी बसून 'स्ट्रीटक्लीनर'चं पहिलं गाणं ऐकावं. शब्द शोधू नयेत. ठेक्याकडे लक्ष द्यावं, आणि मग त्या ठेक्याखालून येणाऱ्या माणसाच्या आवाजाकडे. आवडलं नाही तरी चालेल. गाणं संपल्यावर 'हे काय लावलंस?' असं विचारण्याऐवजी 'तुला यात काय ऐकू येतं?' असं विचारता आलं, तरी पुरे आहे.